फॉन्ट बदलणाऱ्या एक्स्टेन्शनला कुकी कशाला हव्यात? एका प्रकाशन कार्यालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातले एक लहान प्रकाशन कार्यालय. वर्षाकाठी मोजकी पुस्तके आणि एक दिवाळी अंक. पाच संगणक, संपादकांचा एक जुना लॅपटॉप आणि चार-पाच माणसे. त्यांच्या संमतीने ही हकिगत लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि एक्स्टेन्शनचे नाव गाळले आहे, कारण त्याच्याविरुद्ध काही सिद्ध झालेले नाही.

मराठी छपाईशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या कार्यालयाची मूळ अडचण सांगायला नको. लेखकांची हस्तलिखिते सातारा जिल्ह्यातले एक काका टाइप करून पाठवतात. वय सत्तरीचे, हात अजून वाऱ्यासारखा, पण टाइप करणार श्रीलिपीतच. काही लेखक स्वतः मजकूर पाठवतात, तो डीव्हीबी-टीटी योगेशमध्ये असतो. या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ दिसते. संकेतस्थळासाठी, ई-पुस्तकासाठी आणि आता इनडिझाइन या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरसाठीही मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरीच दिसेल अशा प्रमाण पद्धतीत, लागतो. म्हणजे रोजच रूपांतर आले.

काही वर्षांपूर्वी उपसंपादक बाईंनी क्रोमच्या वेब स्टोअरमधून एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन, घेतले. ईमेलमधला मजकूर निवडायचा, उजवे बटण दाबायचे, की युनिकोड हजर. एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने फावल्या वेळात केलेले, फुकट, जाहिराती नाहीत. तेव्हा त्याने मागितलेली परवानगीही नेमकी होती: तुम्ही बटण दाबाल तेव्हा समोरच्या टॅबपुरता प्रवेश. काम आणि परवानगी यांचा मेळ बसत होता. त्या वेळचा घेण्याचा निर्णय आजच्या नजरेने पाहिला तरी बरोबरच होता, आणि हे आधीच नोंदवायला हवे. कारण असे काही घडले की 'घेतानाच नीट पाहायला हवे होते' असे म्हणणारे एक तरी माणूस निघतेच. इथे ते संपादकांचे भाचे होते.

अडचण

२०२५ चा ऑगस्ट. गणपती तोंडावर आणि त्या वर्षी दिवाळीही ऑक्टोबरमध्येच, त्यामुळे अंकाची पाने सप्टेंबरअखेर छापखान्यात जायला हवीत. अशा एका सकाळी उपसंपादक बाईंच्या क्रोममध्ये चौकट आली. एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीला जादा परवानगी हवी आहे, म्हणून ते बंद केले आहे. आता ते 'सर्व संकेतस्थळांवरची तुमची सगळी माहिती वाचू आणि बदलू' शकेल. खाली दोन बटणे: परवानगी मान्य करा, किंवा काढून टाका.

काकांची चार प्रकरणे इनबॉक्समध्ये येऊन पडली होती. बाई पहिले बटण दाबणारच होत्या. पण त्यांना एक साधा प्रश्न पडला: काल जे काम या परवानगीशिवाय होत होते, त्याला आज ती का लागावी? त्यांनी कार्यालयाचे संगणक पाहणाऱ्या तरुणाला फोन केला. हा मुलगा हार्डवेअरवाला म्हणून ओळखला जातो, पण जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी वाचतो.

क्रोमची ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक्स्टेन्शन स्वतःहून, न विचारता अद्ययावत होत राहते. नवी आवृत्ती आधीपेक्षा मोठी परवानगी मागत असेल, आणि ती परवानगी इशारा दाखवण्याच्या वर्गात मोडत असेल, तरच क्रोम ते थांबवून तुम्हाला विचारतो. परवानगी तीच ठेवून आतला कोड बदलला तर तुम्हाला काहीही कळत नाही. म्हणजे या कार्यालयाला इशारा मिळाला तो जुन्या विद्यार्थ्याच्या काटकसरीमुळे. त्याने सुरुवातीलाच सगळी परवानगी मागून ठेवली असती, जशी अनेक जण आळसाने मागून ठेवतात, तर ही चौकट आलीच नसती.

तपासणी

तरुण दुपारी आला. त्याने ज्या क्रमाने पाहिले, त्याच क्रमाने सांगतो.

आधी स्टोअरचे पान. सरासरी साडेचार ताऱ्यांच्या वर. ही सरासरी काही सांगत नाही. जुन्या समाधानी लोकांचे शेकडो पाच तारे नव्या तक्रारींना पुरून उरतात. म्हणून त्याने अभिप्राय तारखेप्रमाणे लावले. सर्वात अलीकडच्या दोघांनी एक तारा दिला होता. शोध घेतला की भलतेच पान उघडते, असे दोघांचेही म्हणणे. दोन अभिप्राय म्हणजे पुरावा नाही, पण दोघांची तक्रार सारखी असणे दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते.

मग प्रकाशकाचे नाव. विद्यार्थ्याच्या नावाऐवजी आता एका अनोळखी कंपनीचे नाव होते. संकेतस्थळ होते, पण त्यावर एकच पान. डोमेनची नोंदणी काही महिन्यांपूर्वीची. गोपनीयता धोरण असे की कोणत्याही एक्स्टेन्शनला चिकटवावे. 'तुमची माहिती विकत नाही' असे स्टोअरच्या पानावर लिहिलेले होते, पण ते प्रकाशकाने स्वतः भरलेले जाहीरनामे असतात. गूगल ते लिहून घेतो. प्रत्येक ओळ पडताळून मग छापतो असा त्याचा अर्थ घेऊ नये.

तिसरी गोष्ट त्याने केली ती हुशारीची. संपादकांचा जुना लॅपटॉप कित्येक आठवडे उघडला नव्हता. त्याने तो वायफाय बंद ठेवून सुरू केला. क्रोमच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये एक्स्टेन्शनची जुनी आवृत्ती जशीच्या तशी होती. ती पेन ड्राइव्हवर घेतली, नवी उपसंपादकांच्या संगणकावरून घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या. एक्स्टेन्शन म्हणजे शेवटी मजकुराच्या फायलींचे एक गाठोडेच, आणि त्यातली मॅनिफेस्ट नावाची फाइल सर्वात आधी वाचायची. कोणकोणत्या परवानग्या हव्यात, कोणता कोड कुठे चालणार, हे तीत उघड लिहिलेले असते. ती कळायला प्रोग्रामर असावे लागत नाही.

नव्या मॅनिफेस्टमध्ये तीन बदल होते. सर्व संकेतस्थळांवर प्रवेश, ज्याचा इशारा चौकटीत होताच. प्रत्येक पान उघडताना आपोआप चालणारा एक नवा कोड. आणि तिसरी परवानगी कुकींची. या तिसरीचा उल्लेख चौकटीत नव्हता. क्रोम कुकीच्या परवानगीसाठी वेगळा इशारा दाखवतच नाही. सर्व संकेतस्थळांच्या इशाऱ्याखाली ती झाकली जाते.

इथे प्रकरणाचा कल ठरला असे माझे मत आहे. सर्व संकेतस्थळांवर प्रवेश मागण्याला निदान एखादे कारण देता येते. 'आता कोणत्याही पानावर आपोआप रूपांतर करू', असे कुणी म्हणू शकेल. पण फॉन्ट बदलायला कुकी लागत नाहीत. तुम्ही जीमेलमध्ये किंवा फेसबुकवर लॉगिन झालेले आहात, ही खूण कुकीत असते. ती कुणाच्या हाती लागली तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण ते दोन्ही दरवाजे तुम्ही आधीच पार केलेले असतात.

नवा कोड वाचणे मात्र अवघड गेले. तो दाबून एका ओळीत आणलेला होता, चलांची (व्हेरिएबलची) नावे एकेका अक्षराची. एवढे कळले की ब्राउझर सुरू होताना तो एका सर्व्हरकडून काही नियमांची यादी मागवतो आणि पुढे काय करायचे ते त्या यादीवर ठरते. क्रोमच्या सध्याच्या नियमांनुसार बाहेरून आणलेला कोड चालवायला बंदी आहे. यादी आणायला नाही. त्या दिवशी यादी जवळजवळ रिकामी आली.

शेवटी ती फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे एकाच फाइलवर अनेक अँटिव्हायरस चालवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकली. एकाही अँटिव्हायरसने हरकत घेतली नाही. संपादकांना हे ऐकून हायसे वाटले, तरुणाला वाटले नाही. अँटिव्हायरस आधी पाहिलेले ओळखतो. आज रिकामी असलेली यादी उद्या भरली तर काय होईल, हे फाइलमध्ये लिहिलेलेच नाही.

अशी उदाहरणे

संपादकांचा प्रश्न रास्त होता: एवढे मनात आणावे असे कधी घडले आहे का? तरुणाने तीन उदाहरणे सांगितली. तिन्हींची वाट वेगळी आहे, म्हणून इथे देतो.

'द ग्रेट सस्पेंडर' हे न वापरलेले टॅब झोपवणारे एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. मूळ लेखकाने ते २०२० च्या मध्यात विकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून स्टोअरमधून काढले आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केले. ही मालक बदलण्याची वाट.

'सायबरहेवन' ही तर माहितीच्या सुरक्षेचेच काम करणारी कंपनी. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, तिच्या एका कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने फसवी ईमेल आली. तुमचे एक्स्टेन्शन नियमभंगामुळे काढले जाईल, असा मजकूर. त्याने दुव्यावर जाऊन एका ॲपला संमती दिली, आणि हल्लेखोरांनी कंपनीच्या नावाने विषारी आवृत्ती प्रकाशित केली. दुहेरी पडताळणी चालू असूनही हे झाले. सुमारे चार लाख लोक ते एक्स्टेन्शन वापरत होते. विषारी आवृत्ती साधारण दिवसभर राहिली आणि तिचा रोख होता फेसबुकच्या जाहिरात खात्यांवर. ही घरफोडीची वाट. इथे प्रकाशकाची पत, तारे, नाव, काहीच उपयोगी पडले नसते.

तिसरे 'वेब ऑफ ट्रस्ट'. कोणते संकेतस्थळ विश्वासार्ह आहे हे सांगणारे हे एक्स्टेन्शन आपल्याच वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती त्रयस्थांना देत असल्याचे २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर या प्रसारण संस्थेने उघड केले. इथे एक्स्टेन्शन कुणाला विकले गेले नव्हते, चोरीलाही गेले नव्हते. धंदाच तो होता.

संपादक त्यावर म्हणाले ते मला तांत्रिक स्पष्टीकरणांपेक्षा जास्त पटले: "म्हणजे दूधवाल्याला आपण घराची किल्ली दिली, तो माणूस चांगलाच होता, आणि त्याने रतीब विकला तेव्हा किल्लीही नव्याकडे गेली."

समोर असलेले पर्याय

परवानगी मान्य करून काम पुढे नेणे. अंकाची घाई पाहता हा पर्याय कुणी बोलून दाखवला नाही तरी सगळ्यांच्या मनात होता.

मान्य करायची, पण क्रोमच्या सेटिंगमध्ये 'क्लिक केल्यावरच' एवढा प्रवेश ठेवायचा. ही सोय चांगली आहे, फारशी कुणी वापरत नाही, आणि पुष्कळ एक्स्टेन्शनांना ती पुरेशी असते. इथे तिची अडचण वेगळी होती. हे एक्स्टेन्शन वापरायचेच मुळी जीमेलमध्ये. क्लिक केले की त्या टॅबपुरता जीमेलचा प्रवेश मिळणार, आणि कार्यालयाची सर्वात मौल्यवान जागा तीच. कुलूप लावायचे, पण तिजोरीच्या खोलीला सोडून, असा तो प्रकार झाला असता.

जुनी आवृत्ती लॅपटॉपवरून घेऊन डेव्हलपर मोडमध्ये, म्हणजे स्टोअरबाहेरचे एक्स्टेन्शन बसवू देणाऱ्या क्रोमच्या सोयीतून, बसवणे. ती वाचून झाली होती, निरुपद्रवी होती, आणि अशी हाताने बसवलेली आवृत्ती स्टोअरमधून आपोआप बदलत नाही. तरुणाचा कल याकडे होता. पण डेव्हलपर मोड चालू ठेवणे म्हणजे उद्या कुणीही कोणताही फोल्डर ओढून आणून बसवू शकणार. हिशेब पाहणाऱ्या संगणकावर ती मोकळीक नको, असे उपसंपादक बाईंचे म्हणणे पडले. मला त्यांचे बरोबर वाटते.

स्टोअरमधले तसेच दुसरे एक्स्टेन्शन घेणे. दोन सापडली. दोन्ही एकेकट्या माणसाने केलेली, दोन्ही पहिल्या दिवसापासून सर्व संकेतस्थळांची परवानगी मागणारी. म्हणजे आज चौकटीने जी सावधगिरी दिली तीही हातची जाणार.

वेगळे क्रोम प्रोफाइल काढून, त्यात कोणत्याच खात्यावर लॉगिन न करता, फक्त रूपांतरासाठी एक्स्टेन्शन ठेवणे. एका प्रोफाइलमधल्या कुकी दुसऱ्यातल्या एक्स्टेन्शनला दिसत नाहीत. हा पर्याय खरोखर सुरक्षित होता. पण मग मजकूर जीमेलमधून उचलून तिकडे चिकटवायचाच असेल, तर एक्स्टेन्शनच कशाला हवे?

या प्रश्नातूनच सहावा पर्याय आला. रूपांतर म्हणजे अक्षरांच्या बदल्यांची एक लांबलचक यादी. ते करणारी एका पानाची साधने अनेकांनी करून ठेवली आहेत: एचटीएमएलची एकच फाइल, दोन चौकोन, मध्ये एक बटण. ती फाइल संगणकावर जतन केली की इंटरनेट तोडूनही चालते. आणि जे साधन इंटरनेट तोडूनच वापरले, ते काय पाठवते याची काळजी उरत नाही.

निर्णय

ठरले ते असे. एक्स्टेन्शन सगळीकडून काढायचे. रूपांतर एचटीएमएलच्या फाइलवर, कोपऱ्यातल्या एका संगणकावर, ज्यावर कुणीच कोणत्याही खात्यात लॉगिन करणार नाही. काकांना श्रीलिपी सोडायला सांगायचे नाही. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कळफलक अंगचाच येतो, तो शिकवू, अशी सूचना भाच्यांनी केली. संपादकांनी ती ऐन अंकाच्या तोंडावर फेटाळली. तांत्रिकदृष्ट्या भाचे बरोबर होते, पण त्या घडीला संपादकांचा निर्णय शहाणपणाचा होता.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. त्या क्षणी कुणाकडेही एक्स्टेन्शन वाईट असल्याचा पुरावा नव्हता. त्यांनी प्रश्न बदलला. हे आज चोरी करते का, याऐवजी उद्या करायचे ठरवले तर कुठवर हात पोहोचेल, आणि तेवढा हात लांब करण्याजोगे याचे काम आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या तरुणाच्या आवाक्याबाहेर होते. दुसऱ्याचे मॅनिफेस्टच्या काही ओळींत मिळाले.

याचा अर्थ मोठी परवानगी मागणारे प्रत्येक एक्स्टेन्शन फेकून द्यावे असा नाही. जाहिराती अडवणाऱ्याला पाने वाचावीच लागतात. पासवर्ड सांभाळणाऱ्याला लॉगिनच्या पानांना हात लावावाच लागतो. तिथे परवानगी कामातूनच निघते, आणि मग पुढचा प्रश्न फक्त प्रकाशकाचा राहतो.

हिशेबाचा संगणक

संध्याकाळी सगळ्या संगणकांवरून एक्स्टेन्शन काढत फिरताना तरुण हिशेबाच्या ताईंपाशी आला. त्या म्हणाल्या, "ते विचारत होतं ना, मी परवाच हो म्हटलं." लेखकांची मानधनाबद्दलची पत्रे त्यांच्याकडेही श्रीलिपीत येत, म्हणून एक्स्टेन्शन तिथेही होते. काम अडले होते, निळे बटण समोर होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ती चौकट अशी रचलेली आहे की काम करणारा माणूस तेच बटण दाबेल.

पण याच संगणकावर बँक, जीएसटी, लेखकांचे पॅन क्रमांक आणि खाते क्रमांक असलेल्या ईमेल, आणि अंकाच्या आगाऊ नोंदणीच्या जाहिरातींसाठी फेसबुकला जोडलेले कार्ड. दोन दिवस नवी आवृत्ती पूर्ण परवानगीने चालू होती. सायबरहेवनच्या वेळी रोख जाहिरात खात्यांवर होता, हे आठवून तरुण गंभीर झाला.

इथे दुसरा निर्णय आला. काही झालेच नाही असे समजायचे का? की सगळे गेले असे समजून संगणक फॉरमॅट करायचा? भाच्यांचा आग्रह फॉरमॅटचा. तरुणाने तो मान्य केला नाही, आणि कारणही नेमके दिले. एक्स्टेन्शनचा वावर ब्राउझरच्या आत असतो. डिस्कवरच्या टॅलीच्या फायलींपर्यंत ते एरवी पोहोचत नाही. क्रोममध्ये साठवलेल्या पासवर्डांची यादीही ते थेट उघडू शकत नाही. पानावर भरला गेलेला पासवर्ड मात्र वाचू शकते. म्हणजे धोका लॉगिनच्या खुणांना आणि त्या दोन दिवसांत टाइप झालेल्या किंवा आपोआप भरल्या गेलेल्या पासवर्डांना. फॉरमॅटने गेलेली कुकी परत येत नाही. उलट ताईंचे दोन दिवस जातात.

मग क्रम ठरला, आणि या कामात क्रमालाच महत्त्व आहे. आधी एक्स्टेन्शन काढले. मग दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून गूगल आणि फेसबुकच्या सर्व उपकरणांवरची सत्रे बंद केली. मगच पासवर्ड बदलले. हे उलट केले, त्याच ब्राउझरमध्ये बसून आधी पासवर्ड बदलला, तर नवाही जाण्याची शक्यता. बँकेचे सत्र काही मिनिटांत आपोआप संपते, म्हणून तिथे कुकीची फार चिंता नव्हती. पासवर्ड तरीही बदलला.

त्यानंतर जीमेलमध्ये कुणी पाहत नाही अशा जागा पाहिल्या: ईमेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवण्याची सेटिंग, गाळण्या (फिल्टर), आणि खात्याला जोडलेली बाहेरची ॲप्स. चोर खात्यात शिरून निघून गेला तरी येणारी ईमेल गुपचूप पुढे पाठवणारी एक गाळणी मागे ठेवू शकतो, आणि पासवर्ड बदलून ती जात नाही. फेसबुकच्या पानाचे ॲडमिन कोण, ते तपासले. कार्ड जाहिरात खात्यातून काढले. अनोळखी असे काही सापडले नाही, फक्त तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेला एक कर्मचारी अजून पानाचा ॲडमिन होता. तोही निघाला.

१९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन केला नाही, कारण पैसे गेले नव्हते. बँकेचे संदेश संपादकांच्या फोनवर येतील अशी व्यवस्था केली आणि दिवाळीपर्यंत ताईंनी रोज खाते पाहिले.

परिणाम

काहीही चोरीला गेल्याचे आढळले नाही. अंक वेळेवर निघाला. कोपऱ्यातल्या संगणकावरचे रूपांतर आधीपेक्षा हळू होते, आणि जोडाक्षरांत र अडकण्याच्या चुका जरा जास्त राहतात. मुद्रितशोधकांनी त्याबद्दल कुरकुर केली. ती रास्त आहे.

मूळ विद्यार्थ्याला, आता तो नोकरीत आहे, तरुणाने ईमेल केली होती. त्याचे उत्तर आले. एक्स्टेन्शन विकत घेऊ, अशा ईमेल त्याला अधूनमधून येतच असत. वेळ मिळेना म्हणून त्याने अखेर एकाला दिले. घेणाऱ्याने 'एखादी छोटी जाहिरात दाखवू' एवढेच सांगितले होते. कुकीची परवानगी ऐकून तोही चकित झाला. हा मुलगा लबाड नव्हता. हजारो माणसांच्या ब्राउझरचा रस्ता आपण विकतो आहोत, हे त्याच्या मनातच आले नव्हते.

एक्स्टेन्शन हे लिहीपर्यंत स्टोअरमध्ये आहे. कुणी ते घातक ठरवलेले नाही. कदाचित ठरणारही नाही.

कायमचा एक बदल झाला. पाचही संगणकांवर तरुणाने विंडोजच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे तिच्या सेटिंगांच्या अंतर्गत नोंदवहीतून, क्रोमचे धोरण बसवले: सर्व एक्स्टेन्शने बंद, यादीतली तेवढी चालू. यादी नावाने करता येत नाही, प्रत्येक एक्स्टेन्शनच्या बत्तीस अक्षरी ओळखीने करावी लागते. ते बरेच आहे, कारण स्टोअरमध्ये नावाची नक्कल होते, ओळखीची होत नाही. यादीत दोनच आहेत. दुसऱ्या दिवशी क्रोमच्या मेनूत 'तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित' असे दिसू लागले, आणि संगणक हॅक झाला म्हणून ताईंनी सकाळी सकाळी तरुणाला फोन केला.

वेगळे काय करता आले असते

सर्वात ठळक गोष्ट क्रमाची. दुपार एक्स्टेन्शन वाचण्यात गेली आणि हिशेबाचा संगणक संध्याकाळी आठवला. पहिला प्रश्न 'हे आणखी कुणाकडे आहे, आणि कुणी हो म्हटले आहे का' हा हवा होता. सगळीकडे ते तात्पुरते बंद करायला काही मिनिटे लागली असती. वाचन नंतर सावकाश झाले असते.

बँकेचे काम आणि रोजचा वावर एकाच प्रोफाइलमध्ये होता. बँक, जीएसटी आणि फेसबुकच्या जाहिराती यांच्यासाठी एकही एक्स्टेन्शन नसलेले वेगळे प्रोफाइल आधीपासून असते, तर दुसरा निर्णय घ्यावाच लागला नसता. ते आता केले आहे. ताईंना दोन खिडक्यांची सवय व्हायला वेळ लागला, पण झाली.

कोड वाचण्यावर भर थोडा जास्त पडला, असे मला वाटते. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवण्याची कल्पना छान होती, पण निर्णय मॅनिफेस्टवर झाला. उरलेल्या वाचनाने त्यात फारशी भर घातली नाही. ज्यांच्याकडे जावास्क्रिप्ट वाचणारा माणूस नाही, त्यांनाही एवढी तपासणी जमेल.

आणि एक्स्टेन्शन घेतले तेव्हा ते कुणी घेतले, कशासाठी, कोणत्या परवानगीवर, याची कुठेही नोंद नव्हती. सगळे उपसंपादक बाईंच्या आठवणीवर चालले. सुदैवाने त्यांची आठवण पक्की आहे.

एक भोक अजून उघडे आहे. धोरण कार्यालयाच्या पाच संगणकांवर चालते. मुद्रितशोधक, मांडणीकार आणि स्वतः काका घरच्या संगणकांवरून काम करतात, आणि कार्यालयाचे सामायिक ड्राइव्ह फोल्डर त्यांच्या ब्राउझरमध्ये उघडे असते. त्यांच्यावर रजिस्ट्री लादता येत नाही. पुढच्या अंकासाठी प्रत्येकाला फक्त स्वतःच्या प्रकरणाचा फोल्डर द्यायचा, लेखकांचे खाते क्रमांक त्यात ठेवायचे नाहीत, आणि काम संपले की प्रवेश काढून घ्यायचा, एवढे सध्या ठरले आहे. मांडणीकाराला हे गैरसोयीचे वाटते, त्याच्याशी बोलणी चालू आहेत.